मागच्या चाकांवर तांदूळ

आमच्या दारात जो निळा पिकअप ट्रक उभा असतो ना, तो माझ्या नवऱ्याच्या हुशारीचा पुरावा आहे. प्रल्हाद बावीस वर्षं डेट्रॉइटच्या गाड्यांच्या धंद्यात आहे, ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो आणि गाडीतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची पक्की समजूत आहे. आमच्या मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठानं गाड्या खालून सडतात, म्हणून जुनी गाडी घ्यायची तर लोक दक्षिणेतून आणतात. प्रल्हादही गेला जॉर्जियाला. अर्धा तास टॉर्च घेऊन ट्रकखाली झोपला. मला तिथूनच फोन केला, म्हणाला, "संध्या, गंजाचा एक डाग नाही. नवी कोरी आहे खालून."

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला तेव्हा कळलं की या ट्रकची फक्त मागची दोन चाकं फिरतात. जॉर्जियात बर्फ पडत नाही, तिथं चारही चाकं फिरवणारी गाडी कोण कशाला घेईल? हा माणूस अर्धा तास गाडीखाली झोपून गंज शोधत होता, पण पुढच्या चाकांकडे जाणारा दांडाच तिथं नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "यार, ट्रक म्हटल्यावर फोर व्हील असणारच ना." यावर मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

तर हा ट्रक, मी आणि राजारामकाका. फेब्रुवारीतला बुधवार, सकाळचे साडेनऊ, आमच्या ट्रॉय गावात रात्रीतून अकरा इंच बर्फ पडलेला आणि अजून पडतोच आहे. दुपारी एक वाजता पंचेचाळीस मैलांवर ॲन आर्बरला काकांच्या मुलीचा, चैत्रालीचा, पीएचडीचा डिफेन्स. म्हणजे पाच वर्षांचं काम प्रोफेसरांसमोर उभं राहून मांडायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि डॉक्टर होऊनच बाहेर पडायचं. ते बघायला काका वर्ध्याहून आले होते. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. चैत्रालीच्या आईला, भावनाकाकूंना, व्हिसा मिळाला नाही, त्या तिकडून झूमवर बघणार होत्या.

चैत्राली आमच्या मंडळातली. गेली पाच वर्षं आंबेडकर जयंतीला आणि रमाई जयंतीला ती माझ्या किचनमध्ये कांदे चिरते, म्हणून मला ती परकी नाही. तिच्या खोलीत आणखी तीन मुली राहतात, त्यामुळे काका सोमवारी आले ते आमच्याकडेच. मंगळवारी रस्ते कोरडे ठणठणीत होते. मंगळवारीच मी त्यांना ॲन आर्बरला सोडणार होते, तिनं एका रात्रीपुरती गेस्ट रूमही ठरवली होती. पण ऑफिसात ऑडिट निघालं. मी गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत आहे, आणि ऑडिट म्हटलं की आमच्याकडे घरी आग लागली तरी कुणी उठत नाही. मी काकांना म्हणाले, "उद्या सकाळी निवांत जाऊ, तीनच इंच बर्फ सांगितलाय." बुधवारी सकाळी पडदा बाजूला केला तर अकरा इंच. चारही चाकं फिरणारी आमची दुसरी गाडी प्रल्हाद टूरवर जाताना घेऊन गेला होता. ती एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये बर्फाखाली आरामात झोपली होती. उबर दोनदा लागली, दोनदा कॅन्सल झाली.

तेवढ्यात चैत्रालीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"मावशी, तुम्ही निघू नका. रोड्स फार बेकार आहेत. मी झूमची लिंक पाठवलीय, बाबांना तिथूनच दाखवा."

"डिफेन्स पुढं नाही का ढकलत?"

"नाही ना. कमिटीतले एक सर काल टेक्सासहून आलेत, संध्याकाळी परत जाणार. आणि आमचे प्रोफेसर म्हणतात, मिशिगनमध्ये बर्फ हे काही कारण नाही."

काका टेबलापाशी चहा पीत होते. ते शांतपणे म्हणाले, "तू तुझ्या टायमावर सुरू कर बेटा. मी येतो."

मग चैत्राली म्हणाली, "बाबा, तुम्ही नेहमी असंच म्हणता." आणि फोन बंद.

काकांनी कप खाली ठेवला. मला ठाऊक होतं ती असं का म्हणाली. एकदा माझ्या किचनमध्ये ती बोलता बोलता म्हणाली होती, "मावशी, माझ्या एकाही फोटोत बाबा नाहीत." दहावीला जिल्ह्यात तिसरी आली तेव्हा समाजभवनात सत्कार झाला, काका नव्हते. इंजिनिअरिंगची पदवी घेतली, काका नव्हते. काका एकतीस वर्षं एस.टी.चे ड्रायव्हर. दर वेळी "मी येतो" म्हणायचे आणि दर वेळी कुणीतरी रजेवर जायचं, गाडी मग यांच्याच गळ्यात पडायची. मुलगी स्टेजवर असायची आणि बाप चंद्रपूरच्या पुढं कुठंतरी असायचा.

"काका," मी म्हणाले, "झूमवरही नीट दिसतं हो. काकू बघणारच आहेत."

"ती तिकडून पाहते आहे ना," काका म्हणाले. "मीही झूमवरच पाहायचं तं इथं आलो कायले?"

चूक माझी होती, ऑडिटही माझंच होतं. मी बूट चढवले.

ड्राइव्हवेवर बर्फ पोटरीपर्यंत येत होता. त्यात भर म्हणून रस्ता साफ करणारी गाडी येऊन गेली होती. ती रस्त्यावरचा सगळा बर्फ ढकलून लोकांच्या दारात बांध घालून जाते. मी फावड्यानं चाकांपुरती वाट काढली, ट्रक सुरू केला आणि रिव्हर्स टाकला. मागची चाकं जागच्या जागी गरगरली. मी ॲक्सिलरेटर दाबला. आणखी गरगरली. ट्रकचं बूड सरकत सरकत शेजारच्या मेलबॉक्सकडे निघालं. मी प्रल्हादच्या नावानं बोटं मोडली आणि पुन्हा दाबला.

प्रल्हादचं जाड जॅकेट, वर माकडटोपी, वर मफलर असा सगळा सरंजाम करून काका गॅरेजच्या दारात उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघत होते, पण बर्फाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते चाकाकडे बघत होते. पाचेक मिनिटांनी जवळ आले आणि काचेवर टकटक केलं.

"ताई, मागं पॅसेंजर नाही."

"काय?"

"हौदा रिकामा आहे. इंजिन पुढं, जोर मागच्या चाकाला. मागं वजनच नाही तं चाक जमीन कशी पकडंल? आमची गाडी पावसात चिखलात गेली की मी पुढचे सारे पॅसेंजर उठवून मागच्या सीटवर बसवायचो. लोक शिव्या द्यायचे. पण गाडी निघायची."

"मग आता पॅसेंजर कुठून आणू? शेजाऱ्यांना उठवू?"

काकांनी मान वळवून गॅरेजकडे पाहिलं. तिथं भिंतीला लावून तांदळाच्या चौदा पिशव्या रचलेल्या होत्या, वीस-वीस पौंडांच्या, गोणपाटाच्या, वरून झिप असलेल्या. शनिवारी रमाई जयंती होती, दीडशे माणसांचं जेवण, त्यात सेल लागला म्हणून वर्षभराचा तांदूळ एकदम घेतलेला, आणि मंडळाचं सगळं सामान आमच्याच गॅरेजमध्ये असतं. शेजारी मंडळाची दोन मोठी जर्मनची पातेली उपडी घातलेली होती.

आम्ही चौदाच्या चौदा पिशव्या हौद्यात टाकल्या. मी आपली दिसेल तिथं ठेवत होते, काकांनी एकेक उचलून बरोबर मागच्या चाकांच्या वर रचली. "एकदम शेपटीला नको, चाकावर पाहिजे," म्हणाले. वर पातेली ठेवली, नायलॉनच्या दोरीनं सगळं आवळलं, त्यावर ताडपत्री टाकली. मग चार पावलं मागं जाऊन पाहिलं.

"दोन पॅसेंजर झाले. कमी आहेत."

"काका, आता घरात फक्त सोफा उरलाय."

"हा आहे ना," ते म्हणाले आणि दारातला तो बर्फाचा बांध दाखवला. फावडं माझ्या हातातून घेतलं आणि तोच जड, ओला बर्फ उचलून ताडपत्रीवर टाकायला लागले. बांध कमी होत गेला, हौदा भरत गेला. वाटही मोकळी झाली, वजनही झालं. तीन महिने मी या ट्रकला नावं ठेवत होते, पण ही गोष्ट काही माझ्या डोक्यात आली नव्हती. डेट्रॉइटमधल्या बावीस वर्षांच्या डोक्यातही नाही.

पुन्हा बसले, रिव्हर्स टाकला. काका माझ्या शेजारी. त्यांनी मागं वळून पाहिलं, दोन्ही आरसे पाहिले आणि डॅशबोर्डवर बोटानं दोनदा वाजवलं. टक टक.

"काय झालं?"

"डबल बेल. सोडा गाडी. पाय हलका ठेवा."

ट्रक मागं सरकला, दारातून रस्त्यावर आला आणि सरळ उभा राहिला. मी इतकी खूश झाले की प्रल्हादला फोन करावासा वाटला. केला नाही, कारण तो म्हणाला असता, बघ, गाडी चांगलीच आहे.

निघायला दहा वाजले. एरवी तासाभरात पोचतो. सेव्हंटी-फाइव्ह हायवेवर एकच लेन उघडी होती, सगळ्यांचा वेग पंचवीस. पण हायवेला लागायच्या आधीच, गावातल्या पहिल्या सिग्नलला, मी सवयीनं ब्रेक मारला आणि ट्रक सिग्नलला न विचारता चौकापर्यंत घसरत गेला. नशीब, समोर कुणी नव्हतं. काकांनी आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाले, "ब्रेक विसरून जा. दुरून पाय काढा, गिअर खाली घ्या, गाडी आपोआप थांबते."

"ही ऑटोमॅटिक आहे काका."

"तरी त्यात एक-दोन आकडे लिहिले आहेत ना? ते कायले लिहिले?"

बघितलं तर खरंच होतं. तीन महिन्यांत मी त्या आकड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दोनवर टाकला, ट्रक शहाण्यासारखा हळू झाला. यापुढं मी ठरवलं, हा माणूस सांगेल तसं चालवायचं. ते माझ्यासाठी सोपं नाही, प्रल्हादला विचारा.

काका सांगायचे ते फार कमी शब्दांत. पुढच्याच्या फार जवळ जाऊ नका. चढ दिसला की आधीच वेग घ्या, चढावर पाय दाबू नका. मागचं बूड सरकलं तर जिकडं सरकलं तिकडंच स्टेअरिंग द्या, घाबरून उलटं नका फिरवू. रस्त्याच्या कडेला मोठमोठ्या फोर व्हील गाड्या खड्ड्यात नाक खुपसून उभ्या होत्या, आणि आम्ही रमाईचा तांदूळ घेऊन त्यांच्या बाजूनं सावकाश चाललो होतो. मला जरा माजच चढला. दर थांब्यानंतर काका डॅशबोर्डवर टक टक करायचे. पहिल्या पाच वेळा गंमत वाटली, सहाव्या वेळी माझं डोकं फिरलं.

"काका, पुढची गाडी निघालेली दिसते मला."

"सवय आहे हो," ते ओशाळून म्हणाले. "एकतीस वर्षं. कंडक्टरनं डबल दिल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही. मग कोणी चढत असंल, उतरत असंल, मागचं ड्रायव्हरला काय दिसते?" थोडं थांबून स्वतःशीच हसले. "चैत्रालीला पहिल्या दिवशी शाळेत मी सोडलं होतं. तेवढा एकच दिवस रजा मिळाली. फाटकात उभी राहून रडे, आत जायेना. मी फाटकावर टक टक केलं, म्हटलं, डबल झाली, आता सोड गाडी. तं गेली, मागं पाहिलंही नाही. पुढं परीक्षेच्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर निघायचो तेव्हा ती झोपलेली असे. तिच्या खोलीच्या दाराला टक टक करून जायचो. ऐकू जात होतं की नाही, कोण जाणे."

त्यानंतर मी त्यांना टक टक करू दिली.

"ती नेमकं करते काय, सांगा ना मला," दोन-सत्तर-पाच नंबरच्या हायवेवर आल्यावर काकांनी विचारलं. "फोनवर सांगते, पण समजत नाही."

"नदीला पूर येतो तेव्हा गाळ वाहून येतो. तो कुठं जाऊन बसणार, किती बसणार, त्याचं गणित मांडते."

काका विचारात पडले. "गाळात गाड्या फसवल्या मी, अन् गणित ती करते," ते म्हणाले, आणि त्यांना ते फार आवडलं. पुढची दहा मिनिटं मान हलवत होते.

बारा वाजता एम-फोर्टीन या शेवटच्या हायवेला लागलो. बर्फ वाढला होता, वायपरला गोळे चिकटत होते. दोनदा उतरून ते मी हातानं झटकले. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं तरी डोळे तिकडंच जात होते. मी म्हणाले, "चैत्रालीला मेसेज करा, आलोच म्हणून." काका म्हणाले, "नको. आलो म्हणजे आलो. नुसतं येतो म्हणून तिला फार वेळा सांगितलं मी."

बारा पस्तीसला आमचा एक्झिट आला. युनिव्हर्सिटी इथून पाच मिनिटांवर. हायवेवरून गावात जायचा हा फाटा वर चढत जातो आणि वर टोकाला सिग्नल. मी काकांनी सांगितल्याप्रमाणे आधीच वेग घेतला, पण पुढची एक छोटी गाडी चढावर अडखळली. मला पाय काढावा लागला. ट्रक थांबला. पुढची गाडी धडपडत निघून गेली, सिग्नल हिरवा झाला, काकांनी टक टक केलं. चाकं गरगरली आणि आम्ही इंचभर खाली घसरलो. दिवसभर गाड्या थांबून थांबून तिथला बर्फ घासला गेला होता, नुसती काच झाली होती. पुन्हा हलका पाय. पुन्हा इंचभर खाली.

मग माझा धीर सुटला. स्टेअरिंगवर दोन्ही हात आपटले. म्हणाले, काल सोडलं असतं तर ही वेळच आली नसती, माझ्या ऑडिटला आग लागो, त्या प्रल्हादच्या गंजाला आग लागो. रडू यायला लागलं आणि रडू यायला लागलं म्हणून जास्तच राग आला. काका तोवर खाली उतरले होते.

चाकासमोरचा बर्फ त्यांनी फावड्यानं खरवडला. खाली काचच. मीही उतरले. म्हणाले, "काका, तांदूळ टाकू चाकाखाली. वाळूसारखा काम करेल. एक पिशवी गेली तर गेली."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते, पण मी त्यांच्या स्वयंपाकघरात चपला घालून शिरल्यासारखं पाहिलं.

"रमाईच्या नावानं लोक जेवणार आहेत ना यावर? चाकाखाली नाही टाकत ताई. गोणपाट द्या मला."

आम्ही ताडपत्रीवरचा बर्फ एका बाजूला लोटला. काका हौद्यात चढले, पातेली उताणी केली, आणि एकेका पिशवीची झिप उघडून तांदूळ त्यात ओतायला लागले. मी खालून ताडपत्री छत्रीसारखी धरून उभी. वारा असा की तांदूळ पातेल्यात कमी आणि काकांच्या बाहीत जास्त जात होता. चार पिशव्या रिकाम्या झाल्या. मागं गाड्यांची रांग लागली. रांगेतल्या पहिल्या, भल्यामोठ्या फोर व्हील ट्रकमधून एक दाढीवाला गोरा गडी उतरून आला. त्यानं पातेलं पाहिलं, तांदूळ पाहिला, माकडटोपीतले काका पाहिले.

"मॅम," तो अगदी अदबीनं म्हणाला, "आर यू कुकिंग?"

"नो," मी म्हणाले. "वी आर लेट."

काकांनी रिकामी गोणपाटं दुहेरी केली, दोन्ही चाकांच्या पुढ्यात पाचर मारल्यासारखी खुपसली आणि पायानं ठोकून बसवली. मग त्या दाढीवाल्याला हातवाऱ्यांनी सांगितलं की मागच्या गाड्यांना थोडं मागं घे. कुठल्या भाषेत सांगितलं कोण जाणे, पण त्याला कळलं. तो रस्त्यात उभा राहून सगळ्यांना मागं सारायला लागला.

"ताई, आता थांबायचं नाही," काका माझ्या खिडकीपाशी येऊन म्हणाले. "वरचा सिग्नल हिरवा असताना सोडा. चढ संपेपर्यंत माझ्यासाठी थांबू नका. मी चालत येतो."

वर सिग्नल हिरवा झाला. मागून हौद्याच्या पत्र्यावर दणदणीत दोन थापा पडल्या. मी पाय हलका ठेवला. चाकांनी एकदा गोणपाट चावलं, मग धरलं, ट्रक कण्हला आणि चढायला लागला. थांबले नाही. वर जाऊन वळले आणि सपाटीला उभी राहिले. आरशात पाहिलं, तर काका दोन गोणपाटं बगलेत मारून चढावरून येत होते, आणि तो दाढीवाला उरलेली दोन घेऊन त्यांच्यामागं. गोणपाट रस्त्यात टाकून यायचं नाही हे काकांनी त्यालाही कसं पटवलं, मला माहीत नाही.

पार्किंगमध्ये ट्रक आडवा लावला, दंड होईल तर होऊ दे म्हटलं. एक वाजून सात मिनिटं. बिल्डिंग सापडली, लिफ्टची वाट न बघता जिने चढलो. काका दोन-दोन पायऱ्या घेत होते. दुसऱ्या मजल्यावर लांब कॉरिडॉर, टोकाला बंद दार. दाराला उभी अरुंद काच.

मी दार उघडायला हात घातला. काकांनी माझं मनगट धरलं.

"थांबा."

"काका, आधीच उशीर झालाय."

"म्हणूनच. सुरू झालं असंल. आता दार उघडलं तं सारे वळून पाहतील, तिचं लक्ष जाईल. गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलत नसतात."

मी दबक्या आवाजात जे बोलले त्याला भांडणच म्हणायचं. एवढा बर्फ तुडवून, चढावर तांदूळ ओतून इथवर आलो ते दाराबाहेर उभं राहायला का? मुलीच्या फोटोत तुम्ही कधी येणार मग? एवढं बोलल्यावर माझी जीभ मलाच चावावीशी वाटली. काका काचेतून आत बघत होते. मीही पाहिलं.

वीस-पंचवीस माणसं बसली होती. पुढच्या रांगेत चार-पाच पिकलेली डोकी. पडदा कोरा होता. चैत्राली लॅपटॉपवर वाकून काहीतरी करत होती, केबल काढत होती, लावत होती. तिचे प्रोफेसर घड्याळ बघून काहीतरी म्हणाले. तिनं मान हलवली. केबल लावली आणि पडद्यावर तिचं नाव आलं. मग ती सरळ उभी राहिली. तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. हातातला पॉइंटर तिनं एवढा घट्ट धरला होता की मला बाहेरून दिसत होतं. सगळी खोली तिच्याकडे बघत होती आणि ती खाली बघत होती.

काकांनी हातमोजा काढला. बोटं थंडीनं लाल झाली होती. त्यांनी दाराच्या लाकडावर वाजवलं, फार मोठ्यानं नाही. टक टक.

चैत्रालीनं मान वर केली. दाराकडे तिनं पाहिलंच नाही. नुसती हसली, खांदे मागं घेतले आणि म्हणाली, "गुड आफ्टरनून एव्हरीवन."

काका दाराला टेकून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळलं. पहिल्या दोन-तीन स्लाइड झाल्यावर खोलीतल्या एका मुलानं आम्हाला काचेतून पाहिलं आणि हळूच दार उघडून दिलं. आम्ही अगदी शेवटच्या रांगेत बसलो. पुढची पंचेचाळीस मिनिटं नद्या, पूर आणि गाळ. काकांना इंग्रजी कळत नव्हतं, पण चिखलाचे फोटो आले की ते पुढं सरकून बघायचे आणि माझ्या कानात सांगायचे, "बरोबर आहे. असाच बसते."

तीन वाजता कमिटीनं तिला डॉक्टर म्हणून हाक मारली. लॅपटॉपवर वर्ध्यात रात्रीचा दीड वाजला होता आणि भावनाकाकू पदरानं डोळे पुसत होत्या. मग फोटो. मधे चैत्राली, एका बाजूला प्रोफेसर, दुसऱ्या बाजूला प्रल्हादच्या ढगळ जॅकेटमधले काका. काकांनी हात वर केला तसे त्यांच्या बाहीतून तांदळाचे दाणे चैत्रालीच्या खांद्यावर सांडले. तिनं ते झटकले नाहीत.

परत निघताना मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "काय गं, ऐन वेळी प्रोजेक्टर बिघडला होता का?"

"नाही मावशी," ती म्हणाली. "मीच दहा मिनिटं केबल काढून ठेवली होती. डबल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असं आमच्या घरी शिकवलंय."